कॅमेऱ्याचा रंग कुणासाठी?



आजीचं कपाट पॉलिशला काढताना किंवा जुनी भांडी कल्हईला देताना आपण फार विचार करत नाही. जुना कॅमेरा घरी रंगवायचं ठरलं, तेव्हा मात्र मी आधी त्याच्या रंगाचा इतिहास वाचला. हा काळा रंग मुळात कुणासाठी होता, हे कळल्यावर ब्रश उचलणं सोपं राहिलं नाही.

आमच्याकडचा कॅमेरा कोडॅक कंपनीचा ‘व्हेस्ट पॉकेट’, आत्येसासूबाईंचा. १९१२ साली हा प्रकार बाजारात आला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ६ डॉलर होती. मिटला की जाडी जेमतेम इंचभर. पुरुषांच्या कोटाखालच्या जाकिटाच्या खिशात मावावा, म्हणून नावही तेच. उघडला की लेन्स पुढे येते आणि मागे छोटा भाता ताणला जातो. एका रोलवर आठ फोटो. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांवर चामड्याचं आवरण नव्हतं, धातूवर थेट काळा रंग होता. पहिल्या महायुद्धात कोडॅकने तो सैनिकांचा कॅमेरा म्हणूनच विकला.

मग बायकांसाठी काय? १८९३ पासून कोडॅकच्या जाहिरातींत हातात कॅमेरा घेतलेली तरुणी दिसायची. म्हणजे बायका फोटो काढतात, हे कंपनीला चांगलं ठाऊक होतं. १९२८ साली तिने याच कॅमेऱ्याचा ‘व्हॅनिटी कोडॅक’ काढला. निळा, हिरवा, तपकिरी, लाल आणि करडा असे पाच रंग, प्रत्येकाला एकेका पक्ष्याचं नाव, पोशाखाशी जुळेल असा थाट. आतलं यंत्र मात्र तेच. गंमत अशी की त्यांचे रंगीत भाते लवकर खराब व्हायचे आणि दुरुस्तीत बरेचदा काळेच भाते बसायचे.

आपल्याकडचं उदाहरण होमाई व्यारावाला यांचं. १९१३ साली नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्या ओळखल्या जातात आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले गेले. फोटो डोळ्यांसमोर होता, काढणारी दिसत नव्हती.

आमच्या घरीही तेच झालंय. अल्बममध्ये सगळं गोत आहे, यात्रेचे फोटो आहेत, लग्नं आहेत. आत्येसासूबाई एकाही फोटोत नाहीत, कारण फोटो त्याच काढत. त्यांची खूण एकच. कॅमेऱ्याच्या उजव्या कडेला, जिथे अंगठा टेकतो, तिथला काळा रंग झिजून धातू उघडा पडला आहे. लेक म्हणाली, “आई, लालभडक करूया.” नणंद म्हणाल्या, “हात लावू नका.” दोघींचंही मला पटत होतं. बाकी ठिकाणी रंगाचे पोपडे निघून गंज धरत होता, त्यामुळे नुसतं ठेवून देणंही बरोबर नव्हतं.

शेवटी काळाच रंग दिला आणि अंगठ्याची जागा तशीच ठेवली. तुमच्याकडे असं काही असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. पाणी लावून घासा, हातमोजे घाला, मुलांना आणि खाण्याची भांडी दूर ठेवा. लेन्स आणि भाता चिकटपट्टीने नीट झाका. आतला भाग मूळचा निस्तेज काळा असतो, तिथे चकचकीत रंग नको. उजेड परावर्तित होऊन फोटो फिका येतो. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून मी चातुर्मास संपेपर्यंत थांबले. हात पातळ द्यायचे, तेही दिवसाउजेडी, आणि प्रत्येक हातानंतर वर खोकं पालथं घालायचं. संध्याकाळी दिव्याशी येणारे जीव ओल्या रंगाला चिकटले, तर तो दोष आपला.

लेकीला आता त्यात फिल्म घालायची आहे. तिथे मला तिला आणखी एक इतिहास सांगावा लागला. १८७१ साली डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांनी फोटोच्या काचेवर जिलेटिनचा थर सुचवला आणि पुढे फिल्मही त्यावरच उभी राहिली. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी. १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांना आढळलं की, फिल्म उजेडाला किती लवकर प्रतिसाद देते, हे जिलेटिनमधल्या गंधकाच्या अंशावर अवलंबून असतं. हा अंश गुरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून येत होता. म्हणजे जनावराच्या पोटातलं खाणंही फोटोत उतरत होतं. बाहेरचा रंग आपण बदलू शकतो, हे नाही.

लेक ऐकून गप्प झाली. फिल्म अजून आणलेली नाही. ठरवायचं तिने आहे. आत्येसासूबाईंचे फोटो मात्र आम्ही जपणार, आणि अल्बमच्या पहिल्या पानावर आता त्यांचं नाव लिहिलं आहे. तुमच्या घरच्या अल्बमचे फोटो कुणी काढले, हे मोठ्यांना आजच विचारून ठेवा.