तळे राखी तो…

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा नवा, परंतु त्याची तळी फार जुनी. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या बांधांनी अडवून त्यांनी पावसाचे पाणी थोपविले. कृतज्ञ लोकांनी पुढे त्यांना ‘कोलासूर’ म्हणून देवत्व दिले. भोवतालच्या डोंगरांना आजही ‘सात बहिणी’ म्हणतात.

चांद्याच्या गोंड राजाने आपल्याला काशीहून आणले, अशी कोहळी समाजाची श्रद्धा आहे. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याखालची जमीन, असे गोंड राजांचे धोरण असल्याचे सांगितले जाते. जमिनीचा उतार नेमका हेरणारी कोहळ्यांची दृष्टी आणि राजाश्रय यांच्या मिलाफातून पूर्व विदर्भात हजारो तळी उभी राहिली.

या तळ्यांची रचना साधी, पण शहाणपणाची. पाणी अडवायला मातीची पाळ, शेतात सोडायला तुडूम आणि जादा पाणी वाहून जायला सांडवा. तळ्याने धानाची शेती पिकविली, ढिवर समाजाला मासळी दिली आणि झिरप्याने गावच्या विहिरी जिवंत ठेवल्या. उन्हाळ्यात काढलेला गाळ शेताला खत म्हणून मिळे.

तथापि, त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याची घाई नको. मालगुजाराच्या राज्यात गरिबाला वेठबिगार चुकली नव्हती. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना पाणवठ्यावर मज्जाव होता. हा अन्याय देशभर होता. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तळे गावाचे होते. पाणी मात्र सर्वांचे नव्हते.

१९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली व तळी सरकारजमा झाली. जुलमी व्यवस्था गेली, हे उचितच झाले. परंतु तिच्याबरोबर तळे राखण्याची जबाबदारीही निराधार झाली. पाणीपट्टीवरून वाद उद्भवले, दुरुस्ती रेंगाळली. गाळ साचला, बेशरम माजली, पाळी खचल्या. पूर्व विदर्भातील साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तळ्यांपैकी कित्येकांची ही कहाणी आहे.

अलीकडच्या काळात मात्र आशेची चिन्हे दिसतात. अर्जुनी-मोरगाव परिसरात ढिवर स्त्रियांनी तळ्यांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासळीला पुन्हा आसरा दिला. ज्यांचा चरितार्थ तळ्यावर, त्यांनीच तळ्याची राखण हाती घेतली. ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण आपण बहुधा उपहासाने वापरतो. येथे ती सरळ अर्थाने खरी ठरली.

पाण्याचा प्रश्न स्वच्छतेपासून वेगळा काढता येत नाही. तळ्याच्या काठी उघड्यावर शौच होत असेल, तर पहिल्या पावसात ती घाण त्याच पाण्यात उतरते आणि अतिसार, कावीळ, विषमज्वर घरोघरी पोहोचतात. विदर्भाचे सुपुत्र संत गाडगेबाबा हाती खराटा घेऊन हेच शिकवीत गावोगाव फिरले. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. २०१९ पासून जलजीवन मिशनद्वारे घरोघरी नळ देण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु नळाला पाणी येण्यासाठी उगमात पाणी असावे लागते, आणि ते शुद्ध असावे लागते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पिण्यायोग्य सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे निक्षून सांगितले. हा उपदेश दूरच्या गोंदियापुरता नाही. आपल्या वसईची बावखले आपल्या पूर्वजांनीच खणली. त्यांतील कित्येक आपल्याच पिढ्यांच्या डोळ्यांदेखत बुजली. अब्राहामाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या, तेव्हा इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि त्यांना वडिलांनी दिलेलीच नावे दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. आपल्या बावखलांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना अद्याप ठाऊक आहेत. ती विचारून घेण्याची वेळ हीच.