इतिहास-पाठ्यपुस्तकांची फ्रेंच-जर्मन सुधारणा

फ्रान्स व जर्मनी यांच्या शालेय इतिहासग्रंथांतील परस्परद्वेषाला खतपाणी घालणारी विधाने दूर करण्याचा, मुख्यतः शिक्षकांनी चालविलेला उपक्रम. १८७० ते १९४५ या काळात हे देश तीनदा परस्परांशी लढले. १८७१ नंतर ॲल्सेस-लॉरेन हा प्रदेश एका देशातील मुलांना हिरावलेला, तर दुसऱ्यातील मुलांना परत मिळविलेला म्हणून शिकविला जाई. १९३५ मध्ये उभय देशांच्या इतिहासकारांनी वादग्रस्त प्रश्नांवर मतैक्य साधण्याचा यत्न केला. नाझी राजवटीमुळे तो जर्मनीत फळास आला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्राउनश्वाइक येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयातील इतिहासाचे प्राध्यापक गेओर्ग एकर्ट (१९१२–७४) यांनी हे काम पुन्हा हाती घेतले. फ्रेंच इतिहास-शिक्षकांच्या संघटनेच्या सहकार्याने १९५१ मध्ये चाळीस कलमांचे निवेदन सिद्ध झाले. युरोपीय युद्ध जाणूनबुजून घडवून आणण्याचा हेतू १९१४ मधील कोणत्याही सरकारच्या वा जनतेच्या माथी मारता येत नाही, असे त्यांतील एक महत्त्वाचे कलम होते. मात्र फ्रिट्स फिशर यांच्या १९६१ मधील ग्रंथाने जर्मनीच्या जबाबदारीचा प्रश्न जर्मनीतच पुन्हा उपस्थित केला. सलोख्यासाठी काढलेले निष्कर्षही संशोधनापुढे तात्पुरतेच ठरतात, हे यावरून दिसते.

पोलंडशी असाच संवाद १९७२ पासून सुरू झाला. पुढे फ्रेंच व जर्मन युवकांनी २००३ मध्ये केलेल्या मागणीवरून तयार झालेल्या संयुक्त पाठ्यपुस्तकाचे तीन खंड २००६, २००८ व २०११ मध्ये निघाले. त्यांत दोन्ही देशांच्या भिन्न दृष्टी शेजारीशेजारी मांडल्या आहेत. अभ्यासक्रम व परीक्षापद्धती वेगळ्या असल्याने वर्गांतून त्यांचा प्रसार मर्यादितच राहिला.