अकरा टक्क्यांचा हिशेब

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

दिवाळीत शेजारचा पोरगा घरी आला होता. हिंजवडीला नोकरी, वय ३२. लॅपटॉप उघडून मला एक तक्ता दाखवला. त्यात त्याचे टप्पे लिहिलेले. पहिले २५ लाख झाले की एक हिरवी खूण, ५० लाखांना दुसरी, कोटीला तिसरी. शेवटची खूण ३ कोटींवर, त्या वर्षी त्याचं वय ४४. त्यानंतर राजीनामा. वर्षाला १२ लाख खर्च धरला, त्याच्या पंचवीस पट म्हणजे ३ कोटी, तेवढे जमले की माणूस सुटला. ह्याला 'फायर' म्हणतात म्हणे. मला म्हणाला, "दादा, आपल्या गावात हे कोणी केलं नसेल, नाही?"

मी हसलो. कारण आपल्या गावात हे झालंय, आणि एकट्यादुकट्यानं नाही. त्याचा तक्ता बघून मला २००१ सालचा मार्च महिना आठवला. तेव्हा मी नुकताच पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका साप्ताहिकात बिनपगारी चिकटलो होतो. बाजारपेठेतल्या बँकेतून एकदम पाच जण कमी झाले आणि काउंटरवर रांग दाराबाहेर आली, ही माझी पहिली बातमी. बातमी रांगेची छापली. खरी बातमी त्या पाच जणांची होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तर आधी थोडा इतिहास.

१९९८ साली नरसिंहम समितीचा दुसरा अहवाल आला. सरकारी बँकांत माणसं जास्त झालीत, संगणक येतोय, तेव्हा स्वेच्छानिवृत्ती द्या, असं त्यात होतं. यशवंत सिन्हा अर्थमंत्री असताना २००० च्या ऑगस्टअखेर सरकारनं संमती दिली आणि इंडियन बँक्स असोसिएशननं योजनेचा मसुदा सगळ्या सरकारी बँकांना पाठवला. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वर्षं वय झालेल्याला अर्ज करता येणार. नोकरीच्या दर पूर्ण वर्षाला ६० दिवसांचा पगार, मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून. उरलेल्या नोकरीच्या महिन्यांचा पगार त्याहून कमी भरत असेल तर तो. शिवाय ग्रॅच्युइटी, फंड, शिल्लक रजेचे पैसे. ५ लाखांपर्यंतच्या सानुग्रह रकमेवर आयकर नाही. राष्ट्रीयीकृत बँकांनी नोव्हेंबर-डिसेंबर २००० मध्ये अर्ज घेतले, स्टेट बँकेनं जानेवारी २००१ मध्ये. देशभरात एक लाखाच्या आसपास लोक बाहेर पडले.

एक लाख लोक बघा. त्यातले कितीतरी पंचेचाळीस-पन्नाशीतले. आपल्याकडच्या मध्यमवर्गानं लवकर निवृत्त होण्याचा एवढा मोठा प्रयोग त्याआधी केला नव्हता.

आमच्या गल्लीतले काका त्यातलेच. नाव लिहीत नाही, त्यांनी तशी अट घातलीय. हेड कॅशियर. वय ४६, नोकरी २३ वर्षं, पगार भत्त्यासकट १३ हजार. म्हणजे २३ दुणे ४६ महिन्यांचा पगार, ६ लाखांना दोन हजार कमी. फंड वगैरे धरून १२ लाख. घराचं कर्ज फेडून हातात राहणार १०. काकांनी कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. अकरा टक्क्यांनी १० लाखांचे वर्षाला १ लाख १० हजार, महिन्याला ९,१६६ रुपये. घरखर्च ७ हजार. म्हणजे नोकरी न करता वर दोन हजार शिल्लक! काकूंनी तो कागद देवघरात ठेवला होता. अजून आहे.

तेव्हा अकरा टक्के ही काही हावरट अपेक्षा नव्हती. पीपीएफला १९८६ पासून १२ टक्के मिळत होते, जानेवारी २००० मध्ये ११ झाले. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेला ११. किसान विकास पत्र १९८८ साली निघालं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट. आपल्याकडे लोक व्याजाचा टक्का विचारतच नसत, "दामदुप्पट कधी?" एवढंच विचारत. (गंमत म्हणजे जुन्या कायद्यात दामदुप्पट हा सावकाराला घातलेला लगाम होता. एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज मागायचं नाही. तोच शब्द पुढे ठेवीदाराचं स्वप्न झाला.)

काकांचे पैसे फेब्रुवारीअखेर खात्यात आले. १ मार्च २००१ ला सरकारनं अल्पबचतीचे दर दीड टक्क्यानं कमी केले. अकराचे साडेनऊ. १ मार्च २००२ ला नऊ. १ मार्च २००३ ला आठ. किसान विकास पत्राला दुप्पट व्हायला आता ८ वर्षं ७ महिने.

म्हणजे ज्या हिशेबावर माणसानं नोकरी सोडली, तो हिशेब पैसे जमा झाल्या आठवड्यातच मोडला. दोन वर्षांनी १० लाखांचे महिन्याला ६,६६६ येणार होते आणि घरखर्च सातवरून साडेआठवर गेला होता. सरकारला दोष द्यावा का? अर्थतज्ज्ञ म्हणतील, व्याजदर कमी झाले म्हणून उद्योगाला, घरकर्जाला पैसा स्वस्त मिळाला. खरंय. आमच्या गावातले पहिले हप्त्यावरचे फ्लॅट त्याच काळात उठले. पण एका हातानं लाखभर लोकांना व्याजावर जगायला घरी पाठवायचं आणि दुसऱ्या हातानं व्याज कापायचं, हे एकाच सरकारनं काही महिन्यांच्या अंतरानं केलं. त्यावर तेव्हा आम्ही पत्रकारांनी एक ओळ लिहिली नाही. मी तर रांगेचीच बातमी लिहीत होतो.

त्यात यूएस-६४. यूटीआयची योजना, सरकारी समजली जाणारी, बँकेतल्याच लोकांनी बँकेतल्याच लोकांना सुचवलेली. काकांचे दीड लाख त्यात. २ जुलै २००१ ला यूटीआयनं खरेदी-विक्री सहा महिने बंद केली. आरडाओरडा झाल्यावर ऑगस्टपासून ३,००० युनिटपर्यंत १० रुपयांनी परत घेऊ म्हणाले. काकांनी ते १४ च्या वरच्या भावानं घेतलेले. त्यांनी मला तेव्हा एक वाक्य ऐकवलं होतं, "आयुष्यभर दुसऱ्याचे पैसे मोजले रे, एक नोट चुकली नाही."

मग जे सगळे करतात तेच त्यांनी केलं. आठ टक्क्यांत भागेना म्हणून गावातल्या पतसंस्थेत बारा टक्क्यांनी ४ लाख ठेवले. संचालक ओळखीचे, कार्यालयात एसी, दारात गणपती. पुढं त्या संस्थेचं काय झालं ते गावाला माहीत आहे, नाव घेत नाही. ठेव विमा बँकांना असतो (तेव्हा १ लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा), पतसंस्थेला नसतो. हे बँकेत २३ वर्षं काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं का? होतं. मी विचारलंय त्यांना. म्हणाले, "माहीत असून काय करणार, पोराची फी भरायची होती."

२००३ च्या जुलैत सरकारनं वरिष्ठ पेन्शन विमा योजना आणली, ९ टक्के. वय ५५ च्या वर. ऑगस्ट २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना, तीही ९ टक्के. वय ६० हवं. स्वेच्छानिवृत्तांना ५५ ची सवलत, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ठरावीक मुदतीत भरायचे. काका तेव्हा पन्नास. निवृत्त होते, पण ज्येष्ठ नव्हते. सरकारच्या कुठल्याच रकान्यात न बसणारा माणूस.

आता दुसरी गोष्ट, कारण बाहेर पडलेल्या पाच जणांची दशा सारखी झाली नाही. १९९५ साली बँकांत पेन्शनचे नियम आले तेव्हा दोन पर्याय होते. पेन्शन घ्या, नाहीतर बँकेच्या वाट्यासकट फंड घ्या. काकांनी फंड घेतला. एकरकमी मोठा आकडा दिसतो ना. त्यांच्या शेजारच्या खिडकीवरचे दुसरे कॅशियर, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, त्यांनी पेन्शन घेतली. हातात पैसे कमी आले, पण पेन्शनवर महागाई भत्ता होता. व्याज खाली गेलं तरी भाऊंचं घर हललं नाही. (वेतनकरार होतात तशी मूळ पेन्शन वाढावी, ही बँक पेन्शनरांची जुनी मागणी आहे, तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

भाऊंचीही लढाई झालीच. नियमात स्वेच्छेनं निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत पाच वर्षांपर्यंत वाढ धरायची तरतूद होती. पूर्ण पेन्शन ३३ वर्षांना, म्हणजे २४ वर्षं नोकरी असेल तर ३३ पैकी २४ हिस्से मिळणार की २९, हा प्रश्न. बँका म्हणाल्या, ही योजना वेगळी, वाढ नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये बँक ऑफ इंडिया विरुद्ध के. मोहनदास या निकालात कर्मचारी जिंकले. आठ वर्षांनी.

त्याआधी डिसेंबर २००२ चा स्वर्णकार निकाल होता. अर्ज केल्यावर ज्यांचं मन बदललं त्यांचा. बँकांनी लिहून ठेवलेलं की एकदा केलेला अर्ज मागे घेता येणार नाही. कोर्ट म्हणालं, बँकेनं स्वीकारण्याआधी घेता येतो. स्टेट बँकेचे लोक तर सगळ्यात जास्त थांबले. पंधरा वर्षं नोकरीवर योजनेत घेतलं, पण पेन्शनला वीस वर्षं लागतात म्हणून नाकारली. प्रमाणात पेन्शन द्या, हा निकाल लागला २ मार्च २०२० ला. ३१ मार्च २००१ ला घरी गेलेला माणूस तोवर जवळजवळ एकोणीस वर्षं वाट बघत होता, आणि मग त्याच महिन्यात देश बंद झाला.

फंडवाल्यांना एप्रिल २०१० च्या करारात पेन्शनची दुसरी संधी मिळाली. पण बँकेनं दिलेला फंडाचा वाटा व्याजासकट परत करायचा आणि त्यावर आणखी ५६ टक्के. काकांच्या बाबतीत अडीच लाखांचे ३ लाख ९० हजार. रोख भरायचे. काकांचे पैसे पतसंस्थेत अडकलेले. शेवटी काकूंच्या पाटल्या आणि मेव्हण्याकडून उसने. भरले. २०१० मध्ये, घरी बसल्यावर जवळपास दहा वर्षांनी, त्यांच्या पासबुकात पहिली पेन्शन पडली.

पोराला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, ते लोक व्याजावर होते. आमचं शेअरवर आहे, चार टक्क्यांचा नियम आहे, अभ्यास झालाय त्यावर." झालाय, खरं आहे. विल्यम बेंगन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या सल्लागारानं १९९४ मध्ये तो मांडला. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे वाढवायचे. पंचवीस पट इथूनच आली. पण तो अभ्यास अमेरिकेतले शेअर, अमेरिकेतले सरकारी रोखे, अमेरिकेतली महागाई आणि तीस वर्षांची निवृत्ती यांचा. ४४ ला राजीनामा देऊन तीस वर्षांनी हा ७४ चा होईल. त्याची आजी ९१ ची आहे, ओट्यावर बसून भाजी निवडते.

आणि बेंगनच्या अभ्यासातली सगळ्यात वाईट अवस्था कोणाची, ते बघा. १९६० च्या दशकाच्या मध्यावर निवृत्त झालेल्यांची. त्यांनी पैसे कमी जमवले नव्हते. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं त्यांना खराब मिळाली, मग महागाईनं धरलं.

त्याच्या आधीची कथा तर आमच्या काकांचीच. जो डॉमिंगेझ, वॉल स्ट्रीटवरचा माणूस, १९६९ मध्ये एकतिशीत नोकरी सोडून मोकळा झाला. १९९२ मध्ये त्यानं विकी रॉबिनबरोबर 'युअर मनी ऑर युअर लाइफ' हे पुस्तक काढलं. आजच्या 'फायर'वाल्यांचा मूळ ग्रंथ म्हणतात तो. त्यात सूत्र काय? जमलेली पुंजी गुणिले चालू व्याजदर, भागिले बारा. ही रेघ खर्चाच्या रेघेवर गेली की तुम्ही सुटलात. पैसे अमेरिकी सरकारच्या लांब मुदतीच्या रोख्यांत ठेवायचे. पुढं तिथलेही व्याजदर घसरत गेले आणि नव्या आवृत्त्यांत तो सल्ला बदलावा लागला.

पुंजी गुणिले व्याजदर भागिले बारा. काकांच्या कॅलेंडरमागे अगदी तेच होतं. पुस्तक त्यांनी ऐकलंही नसेल.

पोरगा थोडा गप्प झाला. मग त्यानं विचारलं, तो कागद बघायला मिळेल का. संध्याकाळी दोघं गेलो. काका आता सत्तरीच्या पुढं. काकूंनी देवघरातून कागद आणला. मागं कॅलेंडरवर नोव्हेंबर २०००, पुढं निळ्या शाईत हेड कॅशियरचं सुरेख अक्षर, खाली दुहेरी रेघ. पोरानं मोबाइलवर फोटो काढला. काकांनी त्याचा तक्ता मागितला, चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि एकाच रकान्यावर बोट ठेवलं. "परतावा १२ टक्के" लिहिलेला.

"हा कोणी ठरवला?" म्हणाले.

(तुमच्या घरात कोणी २००० किंवा २००१ ला बँकेतून व्हीआरएस घेतली असेल आणि त्या वेळचे परिपत्रक, पत्रं, हिशेबाचे कागद शिल्लक असतील तर कळवा. येऊन वाचून जाईन, कागद नेणार नाही. भाऊंच्या कोर्टाच्या कागदांवर पुढच्या रविवारी लिहितो.)