तीन नंबरच्या बावट्याची कुळकथा

'बंदरात तीन नंबरचा बावटा लागला' म्हटलं की कोकणातल्या होड्या, ट्रॉलर खाडीचा आसरा घेतात. नाव बावटा असलं, तरी काठीवर कापड नसतं. दिवसा ठरावीक आकाराच्या खुणा चढतात, रात्री लाल-पांढरे दिवे.

या बावट्याचं मूळ गोऱ्यांच्या दर्यावर्दी व्यापारात आहे. 1853 साली ब्रुसेल्सच्या परिषदेत सागरी देशांनी ठरवलं, की जहाजांनी हवेच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवायच्या. 1859 मध्ये ऑस्ट्रेलियातलं सोनं घेऊन येणारं 'रॉयल चार्टर' वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं, साडेचारशेवर माणसं बुडाली. त्यानंतर ब्रिटिश आरमारातले ॲडमिरल फिट्झरॉय यांनी ठिकठिकाणची हवा तारेने मागवून 1861 पासून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. इशारा फुकट गेला की मासेमारीचा दिवस बुडाला, म्हणून बोटमालक कुरकुरत. फिट्झरॉय यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये इशारे बंद झाले. किनाऱ्यावरून ओरड झाली आणि वर्षभरात पुन्हा सुरू करावे लागले. चुकणाऱ्या इशाऱ्यापेक्षा नसलेला इशारा महाग पडतो, हा हिशेब बंदरांना कळला.

आपल्याकडे हा धडा 5 ऑक्टोबर 1864 च्या चक्रीवादळाने दिला. कलकत्त्यात हजारो माणसं मेली, हुगळीतली जहाजं किनाऱ्यावर फेकली गेली. 1865 मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था झाली. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा 1826 पासून होती, पण एकट्या वेधशाळेला आपल्या डोक्यावरचंच आभाळ दिसतं. प्रांतोप्रांतीच्या नोंदी एका छत्राखाली आणायला 1875 मध्ये हवामान खातं निघालं. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. 1886 पर्यंत इशारे देशातल्या सगळ्या बंदरांपर्यंत पोचले आणि 1898 मध्ये खुणाही सर्वत्र एकसारख्या झाल्या. आता परमुलखातल्या तांडेलालाही कुठल्याही धक्क्यावरचा बावटा वाचता येऊ लागला. माल कधी चढवायचा, गलबत कधी हाकारायचं, हे ठरवायला दूरच्या कुणीतरी घेतलेली वायुभाराची नोंद उपयोगी पडू लागली.

बावटे एकूण अकरा. पहिले दहा हवेबद्दल बोलतात. अकरावा सांगतो, की सूचना केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि हवा बिघडण्याची भीती आहे. बातमी न येणं हाही धोकाच, म्हणून त्यालाही यादीत नंबर मिळाला आहे.