दुनहुआंग : वाळवंटाच्या कडेचा लेण्यांचा वारसा

चीनच्या वायव्येकडील गान्सू प्रांतातील दुनहुआंग हे लहान शहर प्राचीन रेशीम मार्गावरील महत्त्वाचे ठाणे होते. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर मोगाव लेणी आहेत. परंपरेनुसार पहिले लेणे इ.स. ३६६ मध्ये खोदले गेले. त्यानंतर सुमारे हजार वर्षे काम सुरू राहिले. भित्तिचित्रे आणि मूर्ती असलेली ४९२ लेणी आज शिल्लक असून, १९८७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अजिंठ्यातील मूर्ती बेसाल्टमध्ये कोरलेल्या आहेत. येथील खडक मात्र ठिसूळ, त्यामुळे बहुतेक मूर्ती मातीच्या, रंगविलेल्या.

सतराव्या क्रमांकाचे लेणे आकाराने अगदीच लहान आहे. १९०० मध्ये वांग युआनलू या ताओपंथी साधूला तेथे हजारो हस्तलिखिते सापडली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांनी त्यांतील बराच संग्रह अल्प मोबदल्यात नेला. मोहिमेच्या खर्चात तत्कालीन भारत सरकारचाही वाटा असल्याने तेथील काही चित्रे आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. लेण्यात भिक्षू होंगबियान यांची मूर्ती आहे, ग्रंथ नाहीत.

श्वासातील आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड चित्रांना घातक ठरत असल्याने दैनंदिन प्रवेशसंख्या मर्यादित आहे. पर्यटकांना आधी चित्रफीत दाखवली जाते. मग मार्गदर्शकासोबत मोजकीच लेणी पाहता येतात. आत छायाचित्रणास मनाई आहे. सवड असल्यास शहरातील संग्रहालय आणि हान राजवटीच्या काळातील युमेन व यांग या सीमाद्वारांचे अवशेषही पाहावेत.