चिपळूणकरिना : सातपुड्यापलीकडचा समुद्र आणि एका नावाची गोष्ट

१/ चांदूर बाजारच्या शिवारातून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची रांग दिसते. दक्षिणेला पूर्णेचे सपाट खोरे पसरले आहे. हीच पूर्णा पुढे दर्यापूर, अकोल्याकडे गेली की विहिरींचे पाणी खारट होते आणि खारपाणपट्टा सुरू होतो. ‘येथे पूर्वी समुद्र असला पाहिजे’, असे वऱ्हाडात सहज म्हटले जाते. या समजुतीची पारख करायची, तर एका सूक्ष्म जीवाच्या अवशेषांची साक्ष काढावी लागते.

२/ त्या जीवाचे नाव चिपळूणकरिना. ही ब्रायोझोआ या प्राणिसंघातील एक नामशेष प्रजाती आहे. ‘ब्रायोझोआ’ म्हणजे शब्दशः शेवाळप्राणी. यातील एकेक जीव बहुधा मिलिमीटरहूनही लहान असतो. असे शेकडो-हजारो जीव चुन्याच्या इवल्या कोठड्या बांधून एकत्र राहतात. तोंडाभोवतीच्या केसरांनी ते पाण्यातील अन्नकण टिपतात. वसाहत कधी खडकावर पापुद्र्यासारखी पसरते, तर कधी झुडपासारख्या फांद्या काढते.

३/ या प्रजातीचे जीवाश्म चांदूर बाजारपासून सरळ रेषेत सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर, नर्मदेच्या खोऱ्यात सापडतात. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या बाघ गावावरून तेथील थरांना ‘बाघ थर’ म्हणतात. बाघची प्रसिद्ध बौद्ध लेणी याच परिसरातील वालुकाश्मात कोरलेली आहेत. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळात, पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. हे थर त्याच समुद्राने मागे ठेवले.

४/ १८६५ मध्ये मार्टिन डंकन यांनी बाघ येथील आणि अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरील समुद्री अर्चिनांच्या गटातील जीवाश्मांचे एकत्र वर्णन केले. १८६९ मध्ये डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांचा तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवरील प्रबंध भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. १८८४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी बाघ थरांची अधिक बारकाईने विभागणी केली. त्यातील एका तांबूस-पिवळसर थराला ‘कोरलाइन लाइमस्टोन’, म्हणजे प्रवाळी चुनखडक, हे नाव रूढ झाले. मांडूच्या जुन्या इमारतींसाठीही हा दगड वापरला गेल्याची नोंद आहे.

५/ मात्र हे नाव फसवे होते. दगडातील फांद्यांसारखे तुकडे प्रवाळासारखे दिसत असले तरी ते मुख्यतः ब्रायोझोआंचे आहेत. केवळ बाह्य साम्यावरून दिलेले नाव तसेच टिकले. आजही अभ्यासक ते परंपरेने वापरतात.

६/ या जीवाश्मांचा पद्धतशीर अभ्यास प्रा. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी केला. बनारस हिंदू विश्वविद्यालयात असताना त्यांनी बाघ थरांतील शिंपले, अर्चिन, अमोनाइट अशा एकेका गटावर शोधनिबंध लिहिले. ब्रायोझोआंवरील निबंध १९३९ चा. त्यात त्यांनी वर्णन केलेल्या एका जातीचे नाव ‘डायमॉर्फोपोरा’, म्हणजे दोन प्रकारची छिद्रे असलेली. पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (आजची आघारकर संशोधन संस्था) रा. म. बडवे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी बाघ थरांचा अभ्यास चालू ठेवला.

७/ येथे आणखी एक फसगत दडलेली होती. ब्रायोझोआंत सायक्लोस्टोम आणि चायलोस्टोम असे दोन मोठे गट आहेत. पहिल्यांच्या कोठड्या साध्या नळीसारख्या असतात. दुसऱ्यांच्या बहुधा पेटीसारख्या असून तोंडाला झाकण असते. ‘डायमॉर्फोपोरा’च्या कोठड्या लांब नळ्यांसारख्या असल्याने तिची गणना सायक्लोस्टोमांत झाली होती.

८/ १९९५ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे पॉल टेलर आणि पुण्याचे बडवे यांनी दाखवून दिले की ही जात वस्तुतः चायलोस्टोम आहे. तिने केवळ सायक्लोस्टोमाचे रूप घेतले आहे. वेगळ्या कुळांतील जीव असे सारख्या घडणीवर येऊन ठेपतात, त्याला समरूपता म्हणतात. तिच्यासाठी त्यांनी नवी प्रजाती स्थापन केली आणि १९३९ च्या अभ्यासकाचा मान राखून तिला ‘चिपळूणकरिना’ हे नाव दिले. ही प्रजाती युरोपातील क्रिटेशस थरांतही आढळते.

९/ मग वऱ्हाडचे काय? सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यातील बहिरमच्या परिसरात आणि पुढे मोर्शीकडील साळबर्डीत, गाविलगड भ्रंशालगत बेसाल्टखालचे जुने गाळखडक उघडे पडले आहेत. साळबर्डीच्या लामेटा थरांत अमरावती विद्यापीठाच्या संशोधकांना डायनोसॉरचे हाड आणि अंड्यांचे घरटे सापडले. घरटे समुद्रतळाशी बांधले जात नाही. ही कोरड्या भूमीची खूण आहे.

१०/ पुढे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा या साऱ्यावर पसरला. पूर्णेचा गाळ त्याच्याही वर, फार उशिरा साचला. म्हणजे बाघचा समुद्र आणि खारपाणपट्टा यांच्यात कोट्यवधी वर्षांचे अंतर आणि लाव्ह्याचे थरच्या थर आहेत. खारेपणाची कारणे म्हणून चिकण गाळ, मंद निचरा, कमी पाऊस आणि तीव्र बाष्पीभवन यांकडे बोट दाखवले जाते.

११/ हा फरक केवळ पुस्तकी नाही. खारेपण प्राचीन समुद्राची देणगी मानले, तर माणसाच्या हाती काही उरत नाही. ते निचऱ्याशी आणि पाण्याच्या हालचालीशी निगडित असेल, तर शेततळे, चर, पिकांची निवड यांना अर्थ येतो.

१२/ चुनखडकाला प्रवाळी म्हटले गेले, चायलोस्टोम सायक्लोस्टोमांत गणली गेली, आणि खाऱ्या विहिरीवरून समुद्र कल्पिला गेला. तिन्ही ठिकाणी दिसण्यावरून निष्कर्ष काढला गेला. पहिल्या दोन नोंदी दुरुस्त झाल्या, कारण कोणीतरी तोच दगड पुन्हा हाती घेतला. चिपळूणकरिना हे नाव त्या चिकाटीचे स्मारक आहे.