सात कोणी मोजले?

२४ फेब्रुवारी २०२४ ला शनिवार होता आणि मी आजोळी, नेसरीत होतो. ज्यांना नेसरी माहीत नाही त्यांच्यासाठी: कोल्हापूर जिल्हा, गडहिंग्लज तालुका. आणि तरीही लक्षात येत नसेल तर शाळेतली कुसुमाग्रजांची कविता आठवा, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. ते सात घोडेस्वार जिथे दौडले ती ही नेसरी. प्रतापराव गुजर पडले ती तारीख २४ फेब्रुवारी १६७४. म्हणजे त्या दिवशी बरोबर साडेतीनशे वर्षं होत होती. मामांनी आठवडाभर आधीच फोन करून दम दिला होता, "औंदा आला नाहीस तर बघ."

सकाळी सोप्यात बसून चहा पितोय तोवर ऑफिसचा फोन. दर महिन्याला चालणारा एक मोठा रिपोर्ट, एरवी चाळीस मिनिटांत होतो, तो रात्रभर चालून अर्ध्यावरही आलेला नव्हता. सोमवारी सकाळी तो लागणारच होता. टीममधला सगळ्यात नवा पोरगा रात्रीपासून जागा होता. बिचारा फार घाबरला होता, कारण त्या रिपोर्टच्या कोडमधला शेवटचा बदल त्याचा होता.

मी विचारलं, आयओस्टॅट चालवलंस का? (ज्यांचा हा धंदा नाही त्यांच्यासाठी: काळ्या खिडकीत टाइप करायची ही एक छोटी कमांड. प्रोसेसर किती कामात आहे आणि डिस्क किती कामात आहे ते आकड्यांत दाखवते.) तो म्हणाला, चालवलं. डिस्क फक्त सहा टक्के बिझी आहे. म्हणजे डिस्कचा प्रश्न नाही. म्हणजे माझ्याच कोडचा.

इथेच थांबा. कारण हा सहा टक्क्यांचा आकडा खरा होता आणि तरी त्याचा अर्थ चुकीचा काढला होता. आयओस्टॅट नुसतं चालवलं तर ते 'आत्ता'चं काही सांगतच नाही. ते मशीन सुरू झाल्यापासून आजवरची सरासरी सांगतं. आमचा सर्व्हर दोनशेच्या वर दिवस बंद झालेला नव्हता. त्या दोनशे दिवसांत डिस्क सरासरी सहा टक्के कामात होती, एवढाच त्या ओळीचा अर्थ. काल रात्री काय झालं ते त्या ओळीत पार विरघळून गेलं होतं. 'आत्ता' पाहिजे असेल तर कमांडच्या पुढे सेकंद द्यायचे, पहिली ओळ सोडून द्यायची आणि दुसरीपासून वाचायचं. पहिली ओळ दाखवूच नको असं सांगायचीही सोय आहे.

त्याने एक-एक सेकंदाने चालवलं. शंभर टक्के! दर सेकंदाला शंभर. लगेच त्याचा आवाज बदलला. "सर, डिस्क संपली. मोठी डिस्क मागवायला सांगू का?" तोवर कॉलवर आणखी दोघं आले होते, त्यांनीही होकार भरला. पाच मिनिटांपूर्वी डिस्क निर्दोष होती, आता तीच गुन्हेगार.

मी म्हटलं, पंधरा मिनिटं द्या. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. पण हा शंभरचा आकडा कुठून येतो ते मला माहीत होतं, आणि आजचा लेख त्याबद्दलच आहे.

मुळात यंत्र आत्ता काय करतंय हा प्रश्नच तसा नवा आहे. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्या जमान्यात तुम्ही पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि नंतर छापील कागद घ्यायला यायचं. मध्ये यंत्रात काय चाललंय ते तुम्हाला कशाला हवंय? पण टाइम-शेअरिंग आलं, एकाच यंत्राला एका वेळी पाचपंचवीस माणसं चिकटली, आणि "आज इतकं स्लो का?" हा सनातन प्रश्न जन्माला आला. अमेरिकेत टेनेक्स नावाच्या सिस्टिमवर 'लोड अॅव्हरेज' मोजू लागले. १९७३ च्या जुलै महिन्यातले तिथले लोड अॅव्हरेज तर चक्क एका आरएफसीत, ५४६ क्रमांकाच्या, छापलेले आहेत.

मग युनिक्स. १९७९ साली बेल लॅब्जने युनिक्सची सातवी आवृत्ती काढली. तिचा सोर्स कोड आज कोणालाही वाचता येतो, आणि एखाद्या शनिवारी जरूर वाचा. त्यात आयओस्टॅट आहे. त्याचे आकडे कर्नल कसे गोळा करायचं ते बघा. पीडीपी-११ मशीनला एक घड्याळ असायचं, ते थेट विजेच्या तारेवर चालायचं. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावते म्हणून सेकंदाला साठ टोले (आपल्याकडे पन्नास). प्रत्येक टोल्याला कर्नल हातातलं काम सोडून दोन गोष्टी बघायचं. एक, प्रोसेसर कशात आहे: युझरच्या कामात, कमी महत्त्वाच्या कामात, कर्नलच्या स्वतःच्या कामात, की रिकामा. दोन, तीन डिस्कपैकी कुठल्या चालू आहेत. चार अवस्था गुणिले तीन डिस्कच्या आठ जोड्या, एकूण बत्तीस खाने. जो खाना जुळेल त्यात एक मिळवायचा. झालं. आयओस्टॅट फक्त ते खाने वाचून टक्के काढायचं.

म्हणजे हा मोजणारा सतत डोळे लावून बसलेला पहारेकरी नव्हता. तो सेकंदाला साठ वेळा डोळे उघडून बघणारा आणि मधे मिटून घेणारा पहारेकरी होता. दोन टोल्यांच्या मधे काय झालं त्याला पत्ता नाही. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण टोला पडून गेल्यावर काम सुरू करायचं आणि पुढचा पडायच्या आत झोपायचं, असा प्रोग्राम लिहिला तर तो अख्खा प्रोसेसर खाऊनही हिशेबात दिसत नाही. २००७ साली संशोधकांनी हे करूनही दाखवलं.

पुढे लिनक्स आलं. लिनक्सवर आपण जे आयओस्टॅट वापरतो ते सेबास्टियन गोदार यांच्या सिसस्टॅट या संचातलं. २००३ च्या अखेरीस कर्नल २.६ आलं तेव्हा डिस्कचे आकडे जास्त तपशिलात मिळायला लागले. पण शब्द जुनेच राहिले, आणि घोळ तिथेच आहे.

'युटिल' हा रकाना घ्या. त्याचा अर्थ: मोजलेल्या वेळापैकी किती वेळ डिस्ककडे निदान एक तरी काम होतं. फिरत्या तबकडीच्या डिस्कला एकच हात असल्यासारखं असतं. तिथे शंभर टक्के म्हणजे खरोखर दमली. पण आजची एसएसडी एकाच वेळी ढीगभर मागण्या पुरवते. शंभर टक्के म्हणजे दुकानात सतत निदान एक गिऱ्हाईक होतं एवढंच. काउंटर एक आहे की साठ, ते या आकड्यात नाही. ही सूचना त्या कमांडच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेली आहे, पण मॅन्युअल वाचतो कोण? :)

किंवा 'आयओवेट' घ्या. नाव ऐकून वाटतं प्रोसेसर डिस्कची वाट बघत ताटकळतोय. तसं नाही. तो रिकामा आहे, आणि त्याच वेळी डिस्कचं कुठलंतरी काम बाकी आहे, एवढंच. त्याला दुसरं एखादं जड काम द्या, आयओवेट खाली येतो. डिस्क होती तेवढीच संथ!

लिनक्सच्या लोड अॅव्हरेजची तर आणखी गंमत. मूळ कल्पना प्रोसेसरसाठीच्या रांगेची. पण १९९३ साली माथियास उर्लिक्स यांनी एक छोटा बदल पाठवला: डिस्कसाठी अडून बसलेल्या प्रोसेसही मोजा. कारण त्यांच्या लक्षात आलं की स्वॅपची डिस्क बदलून संथ बसवली तर लोड कमी दिसतो, आणि हे विचित्र आहे. तर्क बरोबर होता. पण तेव्हापासून लिनक्सचा लोड वेगळं काही मोजतो आणि इतर युनिक्सचा वेगळं. हे असं का झालं हे पुढे कोणालाच धड आठवेना. २०१७ साली ब्रेंडन ग्रेग यांनी जुन्या ईमेलांच्या ढिगातून ते पत्र शोधून काढलं. चोवीस वर्षं जगभरचे लोक एक आकडा बघून सर्व्हर विकत घेत होते, आणि तो काय मोजतो त्याचा कागद एका पेटाऱ्यात पडून होता.

परत आमच्या रिपोर्टकडे. मी त्या पोराला म्हटलं, युटिल सोड, बाजूचे तीन रकाने वाच. सेकंदाला किती मागण्या? साधारण अडीच हजार. एका मागणीला किती वेळ? ०.४ मिलिसेकंद. रांग किती लांब? एक. आता गुणाकार करा. अडीच हजार गुणिले ०.४ मिलिसेकंद बरोबर एक सेकंद. म्हणजे डिस्क झटपट उत्तर देत होती, फक्त तिला कोणीतरी एका वेळी एकच प्रश्न विचारत होतं. उत्तर आलं की पुढचा. एक कप साखर मागायची, घरी जायचं, परत येऊन दुसरा कप मागायचा. दुकानदार दमलेला नाही, पण दुकान दिवसभर रिकामंही नाही. मोठी डिस्क आणूनही ढिम्म फरक पडला नसता. एक-एक नोंद वाचणारा लूप सापडला. तो त्या पोराचा नव्हता, फार जुना होता. खरं तर माझ्याच काळातला. पूर्वी डेटा मेमरीत मावायचा म्हणून तो कधी टोचला नाही, त्या महिन्यात मावेनासा झाला. हजार-हजार नोंदी एकदम वाचायला लावल्या आणि दुपारच्या जेवणाआधी रिपोर्ट तयार.

संध्याकाळी खिंडीकडे गेलो. परतताना मामांनी सवयीने ती सहा नावं म्हटली: विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे. मी दिवसभर मोजणीतच अडकलेलो, विचारून बसलो, "मामा, सात कोणी मोजले?"

उत्तर आहे, आणि ते चांगलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा दुभाषा नारायण शेणवी याचं एप्रिल १६७४ चं पत्र इंग्रजांच्या दप्तरात आहे. (पुढे राज्याभिषेकाला ऑक्झिंडेनबरोबर रायगडावर होता तोच हा.) त्यात आशय असा, की प्रतापराव दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत बहलोलखानाशी लढताना पडले, त्यांच्याबरोबर सहा स्वार होते, आणि बाकीचं सैन्य मदतीला आलं नाही. घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत लिहिलेला, कविता लिहायचं काही कारण नसलेल्या माणसाचा हा आकडा. सहा अधिक एक. पण त्या पत्रात सहा जणांची नावं नाहीत. नावं आपल्यापर्यंत आली ती नंतरच्या परंपरेतून.

मामा चालता चालता थांबले. "मग काय रं, नावं खोटी हाईत व्हय? पोरं शाळेत म्हणत्यात ती पुसायची?"

मी म्हटलं, पुसायची कशाला. आकडा एकाने मोजला आणि नावं दुसऱ्यांनी सांभाळली, एवढंच लक्षात ठेवायचं. एकाच रकान्यात दोन्ही लिहिली की घोळ होतो.

मामांना ते पूर्ण पटलं असं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि त्यो एक दिवस सोडला तर बाकीचे दिवस?" हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. १६७२ ला साल्हेरला हेच प्रतापराव होते. १६७३ ला उमराणीला याच बहलोलखानाला कोंडलं होतं, मग सोडलं, आणि महाराज रागावले ते त्या सोडण्यावर. सेनापतीचं मोल कुठल्या ओळीवरून करायचं, सगळ्या वर्षांच्या सरासरीवरून की शेवटच्या एका सेकंदावरून? महाराजांनी १६८० मध्ये राजारामाचं लग्न प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईंशी लावून दिलं. मला वाटतं त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या होत्या.

त्या पोराला रात्री फोन करून सांगितलं की लूप माझ्या वेळचा होता, आणि सोमवारच्या मेलमध्ये तसं लिहिलं. त्याचा एका रात्रीचा शंभर टक्के आकडा त्याच्या नावावर चिकटू नये एवढीच इच्छा. बाकी पुढच्या वेळी तो पहिली ओळ सोडून वाचेल.

असो. चहा गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी.